केडगावच्या मळ्यातली शाळा

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की दौंडच्या थोडं अलीकडे केडगाव स्टेशन लागतं. उसाचे फड, कांद्याच्या गोण्या, स्टेशनाबाहेर उभ्या असलेल्या सहा आसनी रिक्षा. दिसायला इतर गावांसारखंच गाव. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या उघड्या माळावर एका विधवा बाईनं वस्ती उभी केली आणि तिथं धर्मशिक्षणाची एक शाळा चालवली. त्या शाळेत शिकणाऱ्या बायका, शिकवणाऱ्याही बायकाच. त्यातल्या कित्येक जणी दुष्काळात रस्त्याच्या कडेला सापडलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या मुली होत्या. पुढे पेंटेकोस्टल नावानं जगभर पसरलेल्या ख्रिस्ती चळवळीच्या सुरुवातीच्या इतिहासात या केडगावचं नाव अमेरिकेतल्या लॉस एंजलिसच्या बरोबरीनं घेतलं जातं. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाई म्हटलं की आपल्याला शारदा सदन आठवतं, विधवांचं शिक्षण आठवतं, फार तर त्यांचं धर्मांतर आणि त्यावरून उठलेलं वादळ आठवतं. शाळेच्या पुस्तकात त्यांची गोष्ट साधारण तिथंच संपते. पण त्यांच्या आयुष्याची शेवटची चोवीस वर्षं केडगावात गेली, आणि बायकांना धर्म शिकवायचा अधिकार आहे की नाही, हा जो प्रश्न त्यांच्या घराला पहिल्यापासून छळत होता, त्याचं उत्तर त्यांनी तिथं प्रत्यक्ष करून दाखवलं.

हा प्रश्न सुरू झाला तो त्यांच्या जन्माच्याही आधी. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पेशव्यांच्या वाड्यात एका बाईला संस्कृत शिकवलं जातंय हे त्यांनी तरुणपणी पाहिलं आणि आपणही आपल्या बायकोला शिकवायचं, असं मनात घेतलं. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिलं नाही. ती वारल्यावर चाळिशी उलटलेल्या शास्त्रीबुवांचं लग्न नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी झालं. तीर्थयात्रेला निघालेल्या एका बापानं नदीकाठी भेट झाल्यावर आपली मुलगी त्यांना देऊन टाकली आणि तो पुढच्या वाटेला लागला. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या काळी त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. वावगं वाटलं ते शास्त्रीबुवा तिला संस्कृत शिकवायला लागले तेव्हा! विद्वानांपुढे जाब द्यायला त्यांना उडुपीला जावं लागलं. शास्त्रातलेच आधार दाखवून त्यांनी स्वतःची बाजू मांडली आणि मग माणसांच्या कटकटीपासून दूर, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथं २३ एप्रिल १८५८ रोजी रमा जन्मली.

रमाला शिकवलं ते मात्र आईनं. वडील थकले होते, घरात विद्यार्थी आणि पाहुणे असायचे, दिवसभर कामाचा रगाडा. त्यामुळे पहाटे उजाडायच्या आत लक्ष्मीबाई लेकीला जागं करायच्या आणि श्लोक म्हणून घ्यायच्या. चूल पेटायच्या आधीची ती शिकवणी! बाईनं बाईला शास्त्र शिकवणं हे रमाबाईंनी पुढे कुठल्या परदेशी पुस्तकातून घेतलं नाही. ते त्यांनी आईच्या मांडीवर पाहिलं होतं.

रानातला संसार फार टिकला नाही. कर्ज झालं, घर गेलं आणि हे कुटुंब तीर्थक्षेत्रांच्या वाटेला लागलं. देवळात, घाटावर बसून पुराण वाचायचं आणि समोर पडेल त्या दक्षिणेवर गुजराण करायची. रमाही पुराण सांगायची. मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात अन्नाविना आधी वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मोठी बहीणही गेली. मागं राहिले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी हिंडले. कधी भिजवलेले हरभरे, कधी रानातली बोरं. थंडीत अंगावर पांघरूण नाही म्हणून नदीकाठच्या वाळूत खड्डा करून झोपायचं. भुकेनं पोट आत गेलेल्या मुलीला काय वाटतं, हे रमाबाईंना कुणी सांगावं लागणार नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१८७८ साली बहीण-भाऊ कलकत्त्याला पोचले आणि नशीब पालटलं. वीस वर्षांची अविवाहित ब्राह्मण मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. तिथंच तिला बायकांसमोर धर्मशास्त्रावर बोलायला सांगितलं गेलं. त्यासाठी तिनं धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईनं वाचले आणि तिचं मन खट्टू झालं. बाकी शंभर गोष्टींत एकमेकांशी भांडणारे ग्रंथकार दोन गोष्टींवर मात्र एकमतानं बोलताना तिला दिसले : बायका मुळातच वाईट, आणि त्यांना पुरुषांसारखा मोक्ष मिळत नाही. आपण ज्या ग्रंथांच्या जोरावर पंडिता झालो, त्यातच आपल्याला जागा नाही, हा तिच्या आयुष्यातला पहिला मोठा धक्का.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते. दोन्हीकडच्यांनी पाठ फिरवली, पण संसार सुखाचा होता. १८८१ मध्ये मनोरमा झाली. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं बिपिनबाबू गेले. पावणेदोन वर्षंसुद्धा संसार झाला नाही. चोविसाव्या वर्षी वैधव्य आणि कडेवर मूल.

अशा अवस्थेत त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं, आणि सरकारच्या हंटर कमिशनपुढे मराठीतून साक्ष देऊन मुलींच्या शाळांना बाई शिक्षिका हव्यात आणि बायकांवर उपचार करायला बाई डॉक्टर हव्यात, अशी मागणी केली. डॉक्टर व्हावं म्हणून त्या १८८३ मध्ये लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षण काही जमलं नाही. पण तिथल्या वॉन्टेजच्या ख्रिस्ती भगिनींनी, समाजानं टाकून दिलेल्या बायकांसाठी चालवलेलं घर त्यांनी पाहिलं. घसरलेल्या बाईला हाकलून न देता माणसात आणायचं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

इकडे पुण्यात गदारोळ उठला. ज्योतिराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली.

पण नव्या धर्मातही सगळं आलबेल नव्हतं बरं का! चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात रमाबाई संस्कृत शिकवत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असं निघालं, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवणं बरं दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. रमाबाई संतापल्या. ज्यांच्या बापानं बाईला शिकवलं म्हणून उडुपीला जाब दिला, त्यांना आता बाईनं शिकवू नये हे इंग्रज धर्मगुरू सांगत होते. मी कोणत्या पंथाची, कुणाचं ऐकायचं, काय मानायचं हे मी ठरवीन, असा त्यांचा बाणा होता. वॉन्टेजच्या भगिनींशी याच कारणानं त्यांचा कित्येक वर्षं पत्रांतून वाद चालला. त्यांनी धर्म बदलला, पण मान तुकवली नाही.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथं जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. हिंदुस्थानातल्या उच्चवर्णीय विधवेची स्थिती सांगणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघालं. त्यावर पैसा उभा राहिला. त्याच वर्षी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि त्यांनी दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिल्या मुलींमध्ये गोदूबाई ही बालविधवा होती. तिनंच पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या बाया कर्वे त्या ह्याच.

शारदा सदन पुण्याला हललं आणि १८९३ मध्ये ठिणगी पडली. कोणाच्याही धर्मात ढवळाढवळ करणार नाही, या शब्दावर पालकांनी आपल्या विधवा मुली तिथं ठेवल्या होत्या. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करायच्या आणि काही मुली तिथं जाऊन बसायच्या. मी कुणाला बोलावत नाही, पण येणाऱ्याला हाकलणारही नाही, अशी त्यांची भूमिका. पालकांना आणि सल्लागारांना हा विश्वासघात वाटला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी समजूतदार माणसंही सल्लागार मंडळातून बाहेर पडली. पंचविसेक मुली काढून नेल्या गेल्या. दोन्ही बाजूंकडे खरेपणा होता, म्हणूनच हा वाद आजही वाचताना जड जातो. आईबापांचा विश्वास मोठा की मुलीची स्वतःची इच्छा? आणि बारा-चौदा वर्षांच्या मुलीची इच्छा कुठवर तिची स्वतःची मानायची? याची उत्तरं तेव्हाही सोपी नव्हती.

यानंतर पुणेरी समाजाशी असलेला धागा तुटला तो तुटलाच. आणि मग १८९६ चा दुष्काळ आला.

मध्य प्रांतात माणसं पटापट मरत होती. बातम्या वाचून रमाबाईंना वीस-बावीस वर्षांपूर्वीचे स्वतःचे दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांतून एकट्यादुकट्या पोरींना फसवून नेणारे दलाल हिंडत होते. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आणि बायका गोळा करून आणल्या. पण पुण्यात प्लेग सुरू झालेला, एवढ्या माणसांना शहरात ठेवायला मनाई. केडगावला त्यांनी आधीच शेतीसाठी जमीन घेतली होती, फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावं म्हणून. त्या मळ्यात मुलींना नेलं. आधी झोपड्या, तंबू. मग विहिरी खणल्या, भिंती उठल्या. १८९८ पासून तिथं मुक्ती उभी राहिली. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तिथूनही मुली आल्या आणि संख्या एकोणीसशेच्या घरात गेली. मैत्रिणींनो, चार माणसं जेवायला येणार म्हटलं तर आपली धांदल उडते. इथं रोज दोन हजारांच्या आसपास पानं, तीही पाऊस न पडणाऱ्या मुलखात!

नुसतं जेवू घालून भागणार नव्हतं. विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, गोठा, बागकाम, छापखाना, सगळं मुलींनीच करायचं. अंध मुलींसाठी ब्रेल आणि वेतकाम. मनोरमा अमेरिकेत शिकून आली आणि आईच्या हाताखाली कामाला लागली. आणि याच पसाऱ्यात धर्मशिक्षणाचा वर्ग सुरू झाला.

तो चालवायला रमाबाईंना जोडीदारीण मिळाली, मिनी अब्राम्स. अमेरिकेतल्या मिनेसोटाची ही मेथडिस्ट बाई शिकागो ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकलेली. १८८५ मध्ये निघालेली ही शाळा खास बायकांना धर्मकार्याचं शिक्षण देण्यासाठी होती. मिनीबाई १८८७ मध्ये मुंबईला आल्या आणि १८९८ मध्ये मुक्तीत. पुण्यात सुंदराबाई पवार यांनीही अशीच बायकांना तयार करणारी शाळा काढली होती. त्या आधी रमाबाईंच्या सहकारी होत्या. म्हणजे ही कल्पना एकटीची नव्हती. पण केडगावात ती फार मोठ्या प्रमाणावर झाली.

शाळेचा अभ्यास काय? मुख्य पुस्तक एकच, बायबल. ज्या मुलीला काल अक्षर लागत नव्हतं तिनं वाचायला शिकायचं, वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगायला शिकायचं, चारचौघींसमोर उभं राहून बोलायला शिकायचं. गाणी म्हणायची, टाळ वाजवायचे. मग टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत जायचं. बाईनं भर चावडीसमोर उभं राहून बोलणं त्या काळी ऐकिवात नव्हतं. कोणी हसायचं, कोणी शिव्या द्यायचं, कोणी ऐकून घ्यायचं.

आता १९०५ सालची गोष्ट. ऑस्ट्रेलियात धर्मजागृतीची लाट आल्याचं ऐकून रमाबाईंनी मनोरमा आणि मिनीबाईंना ते बघायला पाठवलं होतं. पाठोपाठ वेल्समधल्या जागृतीच्या बातम्या आल्या. जानेवारी १९०५ पासून मुक्तीत रोज खास प्रार्थना सुरू झाली. सुरुवातीला सत्तरेक जणी जमत, पुढे पाचशेच्या वर. जूनच्या अखेरीला एका रात्री एका मुलीला झोपेतून जाग आली, सगळ्या अंगात आग पेटल्यासारखं वाटू लागलं. दुसरी मुलगी घाबरून पाण्याची बादली घेऊन धावली. जवळ जाऊन बघते तर कुठंच जाळ नाही! ही गोष्ट मिनीबाईंनी लिहून ठेवली आहे. दुसऱ्या दिवसापासून वर्ग थांबले. मुली रडत होत्या, ओरडत होत्या, मोठमोठ्यानं एकदम प्रार्थना करत होत्या, तासन् तास. पुढच्या वर्षी काही जणी त्यांना स्वतःला न येणाऱ्या भाषांत बोलू लागल्या, असंही तिथल्या लोकांनी नोंदवलं.

याला काय म्हणायचं? श्रद्धावान ख्रिस्ती मंडळींनी पवित्र आत्म्याचा स्पर्श म्हटलं. काही मिशनरी मात्र नाराज झाले. त्यांना हा सगळा आरडाओरडा अशोभनीय वाटला. मानसशास्त्राच्या नजरेनं पाहणारे म्हणतील, भूक आणि मरण जवळून पाहिलेल्या शेकडो मुलींच्या मनात कोंडलेलं दुःख एकदम बाहेर पडलं असेल. रमाबाईंनी स्वतः अनोळखी भाषा बोलल्याचं कुठं सांगितलेलं नाही. पण त्यांनी या मुलींना गप्प बसवलं नाही. त्यांचं म्हणणं साधारण असं, की हिंदुस्थानातल्या माणसांनी देवाजवळ आपल्या रीतीनं रडावं, गावं, नाचावं. त्यासाठी इंग्रज माणसासारखं ताठ बसायची गरज नाही. बिशपांशी भांडलेल्या बाईचंच हे बोलणं.

आणि शाळेच्या दृष्टीनं महत्त्वाचं ते पुढेच. शेकडो मुलींनी प्रचाराला जायला नावं दिली. पाळी लावून रोज साठेक जणी खेड्यापाड्यांत जाऊ लागल्या. टोळ्या लांबच्या गावांना जाऊ लागल्या, तिथल्या मंडळ्यांमध्ये बोलू लागल्या. काही वर्षांपूर्वी छावणीच्या कडेला हाडांचा सापळा होऊन पडलेली पोर आता लोकांसमोर उभी राहून शिकवत होती.

इथं थोडं मागं जाऊन पेंटेकोस्टल म्हणजे काय ते सांगायला हवं. यहुद्यांच्या वल्हांडण सणानंतरचा पन्नासावा दिवस म्हणजे पेंटेकॉस्ट. त्या दिवशी येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि ते वेगवेगळ्या भाषांत बोलू लागले, अशी बायबलमध्ये कथा आहे. हा अनुभव आजही येऊ शकतो असं मानणारे ते पेंटेकोस्टल. त्याच कथेत मुलगे आणि मुली दोघंही देवाचा संदेश सांगतील असं येतं. बायकांना बोलायचा आधार मिळाला तो तिथून.

गंमत म्हणजे ही चळवळ तिकडेही एका छोट्या शाळेतूनच निघाली. चार्ल्स पारहम यांनी १९०० मध्ये अमेरिकेतल्या टोपेका गावी बायबल शाळा काढली. चाळीसेक विद्यार्थी. १९०१ च्या पहिल्याच दिवशी ॲग्नेस ओझमन ही विद्यार्थिनी अनोळखी भाषेत बोलली, असं सांगितलं जातं. पुढे ह्यूस्टनला पारहम यांच्या दुसऱ्या शाळेत विल्यम सीमोर नावाचा काळा माणूस शिकायला आला. गोऱ्यांबरोबर बसायची बंदी, म्हणून त्यानं वर्गाच्या बाहेर बसून धडे ऐकले. त्याच सीमोरनं एप्रिल १९०६ मध्ये लॉस एंजलिसच्या अझुसा रस्त्यावर सभा सुरू केल्या आणि तिथून ही लाट जगभर गेली. पण केडगावात जे घडलं ते त्याच्या आधीच्या वर्षी सुरू झालं होतं. म्हणून अलीकडचे अभ्यासक म्हणतात, की ही चळवळ अमेरिकेतून सगळीकडे गेली असं सरळ नाही. तिची मुळं एकाच वेळी अनेक ठिकाणी होती आणि त्यातलं एक मूळ दौंड तालुक्यात होतं.

त्याचा पुरावा थेट दक्षिण अमेरिकेत सापडतो. मिनीबाईंनी १९०६ मध्ये केडगावच्या अनुभवावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि चिलीतल्या वाल्पराइसो शहरात राहणाऱ्या मे हूवर या मैत्रिणीला पाठवलं. शिकागोच्या शाळेत दोघी बरोबर होत्या. मे आणि त्यांचे पती विलिस यांनी ते वाचलं, तशी प्रार्थना सुरू केली आणि १९०९ मध्ये चिलीत मोठी जागृती झाली. तिथल्या मोठ्या पेंटेकोस्टल मंडळ्या आपली सुरुवात तिथपासून मानतात. एका वर्गमैत्रिणीनं दुसरीला पाठवलेल्या पोस्टाच्या पाकिटातून केडगावची गोष्ट समुद्रापार गेली!

मिनीबाईंनी १९१० मध्ये फक्त बायकांची अशी एक मिशन संस्था काढली आणि १९१२ मध्ये त्या हिंदुस्थानातच वारल्या. पुढे अशा शाळा भारतात वाढत गेल्या. केरळात १९२७ मध्ये असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकोस्टल संघटनेनं बेथेल बायबल कॉलेज काढलं. अशा शाळांचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच : राहणं एकत्र, बायबल मुख्य, वर्गाइतकाच वेळ प्रार्थनेला, आणि शिकता शिकताच लोकांत जाऊन काम. पदवीपेक्षा हाक महत्त्वाची, म्हणून गरीब, कमी शिकलेल्यांनाही तिथं दार उघडं असे. पण एक गोष्ट खटकते. चळवळ तरुण होती तेव्हा बायका पुढे होत्या; जसजशा संघटना झाल्या, नियम झाले, तसतसे पाळक म्हणून पुरुष बसले आणि अनेक ठिकाणी बायकांचं बोलणं महिला मंडळापुरतं उरलं. ही कथा फक्त त्यांच्याच घरची नाही, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे.

केडगावची मुक्ती मात्र कुठल्या पेंटेकोस्टल पंथात सामील झाली नाही. रमाबाईंना पंथाची चौकट मानवली नाहीच. त्यांनी शेवटची वर्षं दुसऱ्याच कामाला दिली. त्या वेळचं मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड झालेलं. खेड्यातल्या बाईला ते कळायचं नाही. मूळ भाषांतूनच भाषांतर करायचं म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. अठरा हजार श्लोकांचं भागवत तोंडपाठ असलेल्या बाईनं ठरवून सोपं, घरगुती मराठी लिहिलं. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, मुद्रितं तपासणाऱ्या, पुस्तकं बांधणाऱ्या सगळ्या मुक्तीच्याच बायका. नवा करार १९१३ मध्ये निघाला. एका बाईनं मूळ भाषांवरून केलेलं संपूर्ण बायबल, तेही बायकांनी छापलेलं. जगात अशी उदाहरणं फार थोडी आहेत.

शेवट सोपा नव्हता. ज्या लेकीवर सगळा भार सोपवायचा होता, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. चाळिशीतच. रमाबाई खचल्या असतील, पण काम सोडलं नाही. भाषांतराची शेवटची पानं पुरी केली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांनी डोळे मिटले. संपूर्ण बायबल छापून झालं ते १९२४ मध्ये. भारत सरकारनं १९८९ मध्ये त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. मुक्ती मिशन आजही केडगावात आहे आणि निराधार मुली-बायकांना आसरा देतं.

रमाबाईंच्या या कामाकडे बघताना एक प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. उपाशी मुलीला जो जेवू घालतो, त्याचा धर्म ती स्वीकारते, तेव्हा ती खरंच निवड असते का? त्यांचे टीकाकार हा प्रश्न तेव्हाही विचारत होते आणि तो विचारायलाच हवा. ज्या पोरीला जाण्यासाठी दुसरं घरच नव्हतं, तिच्या होकाराचं वजन किती, हे कोण सांगणार? पण त्याच्या जोडीला दुसरा प्रश्नही विचारावा लागतो. त्या पोरींच्या जुन्या घरानं, जातीनं, गावानं त्यांना बोलायला कधी शिकवलं होतं? दुष्काळात त्यांना शोधायला कोण गेलं होतं? मुक्तीत त्यांना भाकरी मिळाली, हाताला काम मिळालं, वाचायला आलं आणि चारचौघांत तोंड उघडायची हिंमत आली. हे सगळं एकाच ताटात वाढलेलं होतं. त्यातून धर्म तेवढा वेगळा काढून मोजता येत नाही.

तुमचा धर्म कोणताही असो. पूजा बायकांनी करायची, उपास बायकांनी करायचे, सोवळंओवळं बायकांनी सांभाळायचं, आणि त्याचा अर्थ मात्र दुसऱ्या कुणी सांगायचा, ही रीत सगळीकडे जुनी आहे. लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या अंधारात एका मुलीला शिकवलं. त्या मुलीनं माळरानावर शेकडो मुलींना शिकवलं आणि त्यांना गावोगाव पाठवलं. पोथी नुसती ऐकायची नाही, ती स्वतः उघडायची, समजून घ्यायची आणि पटलं नाही तर तसं म्हणायचं, एवढं जरी आपण आपल्या लेकींना सांगितलं तरी या मायलेकींचं थोडं देणं फिटेल.